हुकूम कोणता?



शाळेच्या पुस्तकात पत्त्यांवर धडा पाहून तुम्हांला नवल वाटेल. काहींच्या घरी तर पत्त्यांचे नाव काढलेलेही चालत नाही. त्याला कारण आहे आणि ते खोटे नाही. पैसे लावून पत्ते खेळणे म्हणजे जुगार. आपल्या दीनमध्ये तो हराम आहे. आपल्या राज्यात जुगाराचा अड्डा चालवणे आणि रस्त्यावर जुगार खेळणे हा १८८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. याबाबत माझे दुसरे मत नाही. ज्या घरी वडीलधाऱ्यांना पत्ते मुळीच पसंत नाहीत, तेथील मुलांनी त्यांचे ऐकावे. हा धडा नुसता वाचला तरी हिशेब शिकता येईल.

पण माझे म्हणणे असे आहे की, ज्या मुलामुलींना खेळायचे आहे त्यांना खेळाचे नियम आणि गुण मोजण्याची रीत मोठ्यांनी उघडपणे शिकवावी. लपूनछपून शिकलेला खेळ अर्धा असतो, आणि अर्धा खेळ येणारा सर्वांत आधी फसतो.

आपल्या भागातील मार्कंड्याची यात्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते, तेथे काठावर ती जुनी कोरीव देवळे उभी आहेत. महाशिवरात्रीला दूरदूरची माणसे येतात. कोणी दर्शनाला, कोणी दुकान मांडायला, कोणी नुसती गंमत पाहायला. अशा कोणत्याही मोठ्या यात्रेत एखाद्या कोपऱ्यात तीन पाने पालथी टाकून बसलेला माणूस आढळतो. ''राणी कुठे आहे ते सांगा आणि दुप्पट पैसे घ्या,'' असे तो ओरडतो. पहिल्यांदा जिंकणारा बहुधा त्याचाच साथीदार असतो. मी याला खेळ म्हणणार नाही. खेळाचे नियम दोन्ही बाजूंना ठाऊक असतात. येथे खरा नियम एकट्यालाच ठाऊक असतो.

आता खऱ्या खेळाकडे वळू. मराठी घरांत पत्त्यांचे अनेक खेळ आहेत. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट. मेंढीकोटात चार दश्श्यांपैकी तीन ज्यांनी मिळवल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या, तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. हे एका दिवसात येते. मला मात्र तुम्हांला 'तीनशे चार' शिकवायचा आहे, कारण या खेळाच्या नावातच त्याचा हिशेब आहे.

खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानांतून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने बाजूला काढायची, म्हणजे बत्तीस पाने उरतात. पाने चांगली पिसावीत. आधी प्रत्येकाला चार पाने वाटतात. ती पाहून बोली करायची. जो सर्वांत मोठी बोली करतो, तो आपल्या पानांपैकी एक पान पालथे ठेवतो. ते पान ज्या चिन्हाचे, ते चिन्ह हुकूम. मग उरलेली चार-चार पाने वाटतात. इस्पिक पडले तर इस्पिकच टाकायचे. इस्पिक हातात नसेल तर हुकूम उघडायला सांगायचे आणि वाटल्यास हुकमाने हात मारायचा.

नवशिक्याचा गोंधळ होतो तो पानांच्या किमतीत. इतर खेळांत राजापुढे मान खाली घालणारा गुलाम येथे सर्वांत मोठा. त्याचे गुण ३०. त्याच्या खालोखाल नव्वी, तिचे २०. एक्क्याचे ११, दश्शीचे १०. बिचाऱ्या राजाला फक्त ३ आणि राणीला २. अठ्ठी आणि सत्ती यांना काहीच नाही. एका चिन्हाची बेरीज झाली ७६. चार चिन्हांची ३०४.

समजा, एका हातात इस्पिकची दश्शी, एक्का, राजा आणि गुलाम पडले. गुण झाले ५४ आणि ते गुलामवाल्याने नेले. दुसऱ्या हातात इस्पिकचीच नव्वी, राणी, अठ्ठी, सत्ती पडली, तर झाले २२. दोन्ही मिळून पुन्हा ७६. प्रत्येक डावात असा ताळा घेता येतो.

उर्दू शाळेतील मुलांना येथे एक अडचण येते, आणि ती पत्त्यांची नसून भाषेची आहे. हुकूम आणि गुलाम हे शब्द आपल्या ओळखीचे. त्यामुळे वाटते की सारे समजले. पण आपण घरी 'हुकुम का पत्ता' म्हणतो तेव्हा आपल्या मनात इस्पिक असते. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावात इतरांवर मात करणारे चिन्ह. ते बदामही असेल, किलवरही असेल, चौकटही असेल. 'पान' या शब्दाचेही तसेच. आपल्याकडे पान म्हणजे बदाम. मराठी मुलगा ''पान टाक'' म्हणतो तेव्हा तो कोणतेही पत्ते टाकायला सांगत असतो. हे ठाऊक नसेल तर चांगला खेळणाराही हसे करून घेतो.

तशीच अडचण संख्यांची. आपण चौवन म्हणतो, मराठीत ते चोपन्न. छिहत्तरचे शहात्तर होतात, उनसठचे एकोणसाठ. शेजारच्या मराठी मुलांबरोबर खेळताना आपली मुले पाने छान टाकतात, पण गुण लिहायची वेळ आली की वही दुसऱ्याकडे सरकवतात. मला हे मुळीच आवडत नाही. वही ज्याच्या हाती, डावाचा शेवटचा शब्द त्याचा. दर दोन डावांनंतर वही मागून घ्या आणि बेरीज मोठ्याने मराठीत वाचा. अडखळलात तरी चालेल. मराठीतील संख्या पाठ करायला मला याहून सोपी युक्ती ठाऊक नाही.

नियम कोणी शिकवले नाहीत तर खेळाचे काय होते, हे पाहायचे असेल तर आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीला जावे लागेल. तेथे गंजिफा तयार होतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पाने. हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबर बादशाहाने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची १५२७ सालची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात ९६ पाने आणि आठ चिन्हे असत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम ही त्यांतील काहींची नावे तुम्हांला कोशात शोधावी लागणार नाहीत. येथे आल्यावर त्याच खेळात दशावताराची दहा चिन्हे आली आणि पाने १२० झाली. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली. पाने आजही सुंदर बनतात, विकलीही जातात. परंतु ती खेळणारे फार थोडे उरले आहेत. घेणारे बहुतेक ती शोभेसाठी ठेवतात.

आता मोबाइलविषयी थोडे. त्यावर पत्ते खेळताना पाने पिसावी लागत नाहीत आणि बेरीजही करावी लागत नाही. म्हणूनच किती हरलो हे पुष्कळांना फार उशिरा कळते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते, आणि पैसे लावणारे त्याचा आधार घेत आले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा असला म्हणून त्यावर घरचे पैसे लावावेत, हे मला कधीच पटले नाही.

तेव्हा सुट्टीत चौघे बसाल तेव्हा बसण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या. वाटप डावीकडून की उजवीकडून? सर्वांत लहान बोली कितीची? हुकूम केव्हा उघडायचा? गावागावांत या रीती वेगळ्या असतात, आणि भांडणे बहुधा येथेच होतात. डाव संपला की दोन्ही बाजूंचे गुण मांडा. बेरीज ३०४ आली नाही तर पाने पुन्हा मोजा. बोली १६० ची असेल आणि समोरच्यांनी १४५ मिळवले, तर बोली करणाऱ्याकडे १५९ च राहतात आणि बोली पडते. १७० ची बोली पाडायला किती लागतील, ते वहीत मांडून पाहा.