सुई, धागा आणि नवा नमुना

काही वस्तू इतकी वर्षे आपल्या डोळ्यांसमोर असतात, की हळूहळू त्या आपल्याला दिसेनाशा होतात. दारावरचे दोऱ्याचे तोरण, ताट झाकण्याचा जाळीचा रुमाल, रेडिओवर घातलेले आच्छादन, तान्ह्या बाळाचे टोपडे या अशाच वस्तू होत. लग्नाच्या रुखवतात क्रोशाच्या विणकामाला मानाची जागा असे. पाहुणे ते हातात घेऊन पाहत, कौतुकाचे दोन शब्द बोलत आणि पुढे सरकत. ही वस्तू कोणी विणली, किती दिवस बसून विणली, त्यातील टाक्यांचा हिशेब कसा जमवला, असे सहसा कोणी विचारत नसे. विचारला जाई तो वेगळाच प्रश्न : ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न क्रोशालाच नव्हे, तर प्रत्येक छंदाला विचारला जातो. आणि मोठ्या वयात काही नवे शिकू पाहणाऱ्या माणसालाही तो हमखास ऐकावा लागतो. म्हणून त्याचा थोडा नीट विचार करणे आवश्यक आहे.

क्रोशा हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान आकडा. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि एक धागा, एवढ्याच भांडवलावर ही कला उभी आहे. तिची मुळाक्षरेही मोजकी आहेत : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि दुहेरी खांब. धाग्याच्या फासातून धागा ओढून साखळी घालावयाची, साखळीवर खांब उभे करावयाचे, मधे रिकामी जागा सोडली की जाळी होते, एकाच घरात अनेक खांब घातले की पाकळी होते. नाजूक रुमालासाठी बारीक सूत आणि पोलादाची अगदी बारीक सुई, तर शालीसाठी लोकर आणि जाड सुई, एवढाच काय तो फरक. मोजक्या अक्षरांतून जशी अगणित वाक्ये होतात, तसे या चारपाच टाक्यांतून अगणित नमुने होतात.

दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतील सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. एखादा निसटला तर तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात मात्र सर्वसाधारणपणे एकच फास सुईवर जिवंत असतो. बाकीचे सारे टाके आपापल्या जागी पक्के झालेले असतात. त्यामुळे दूध उतू जाऊ लागले, दारावर कोणी आले, बसचा थांबा आला, तर तो एक फास थोडा सैल ओढून ठेवावा आणि उठावे. परत आल्यावर काम तेथूनच पुढे सुरू होते. ज्यांचा वेळ सलग नाही, दिवसभरात दहा मिनिटे येथे आणि पंधरा मिनिटे तेथे असा विखुरलेला आहे, त्यांच्यासाठी ही कला जणू मुद्दाम घडवली आहे.

या कलेचा दुसरा गुण याहूनही मोलाचा आहे. येथे चूक कायमची राहत नाही. सुताराने लाकूड आखूड कापले, शिंप्याने कापड चुकीचे बेतले, तर ते पुन्हा सांधता येत नाही. क्रोशात धाग्याचे टोक ओढले की चुकलेल्या टाक्यापर्यंतचे विणकाम सुखाने उसवते आणि धागा बहुतेक जसाच्या तसा हाती परत येतो. वाया जातो तो थोडा वेळ. पण तोही खऱ्या अर्थाने वाया जात नाही, कारण तीच ओळ दुसऱ्यांदा घालताना हात अधिक शहाणा झालेला असतो. उसवणे हा पराभव नसून विणण्याचाच एक भाग आहे, हे क्रोशा करणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एवढी सोय असूनही अनेकांचा हा छंद काही वर्षांत विझतो, याचे कारण मला असे दिसते, की आपण एकदा जमलेला नमुनाच पुन्हा पुन्हा विणत राहतो. पहिला रुमाल विणताना जे कुतूहल असते, ते दहाव्या रुमालाला उरत नाही. हाताला सवय होते आणि मन दुसरीकडे भटकू लागते. अशा विणकामातही विसावा आहे, हे मान्य केले पाहिजे. थकलेल्या मनाला परिचित टाक्यांची लय बरी वाटते. परंतु केवळ विसावा म्हणजे छंद नव्हे. ज्यात अधूनमधून ‘हे मला जमेल का?’ असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर स्वतःच्या हातांनी शोधावे लागते, तोच छंद टिकतो. म्हणून नवा नमुना हा छंदाचा अलंकार नसून त्याचा प्राण आहे, असे माझे मत आहे.

नवे म्हणजे अवघडच असले पाहिजे, असे मात्र नाही. एक साधे उदाहरण पाहू. गोल रुमाल विणताना पहिल्या फेरीत बारा खांब घातले, तर दुसऱ्या फेरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८ असे प्रत्येक फेरीत बारा खांब वाढवावे लागतात. वर्तुळाची त्रिज्या सारख्या अंतराने वाढली की त्याचा परीघही सारख्याच मापाने वाढतो. म्हणून सारखी वाढ ठेवली की रुमाल सपाट बसतो. आता काही फेऱ्यांनंतर खांब वाढवणे थांबवून पाहा. कडा खाली वळू लागतील आणि रुमालाची टोपी होईल. उलट, प्रत्येक फेरीत खांब दुप्पट करत जा : १२, २४, ४८, ९६. आता कडेला जागा पुरणार नाही, ती लाटेसारखी वर-खाली होईल आणि सुंदर झालर तयार होईल. टाका तोच, सुई तीच, धागाही तोच; बदलला तो केवळ हिशेब. ज्याने हे एकदा करून पाहिले, त्याला पुस्तकातला नमुना केवळ उतरवून घेण्याची गरज उरत नाही. नमुना असा का आहे, हे त्याला कळू लागते.

जपानमधून जगभर गेलेली ‘अमिगुरुमी’ नावाची खेळणी याच हिशेबावर विणली जातात. मुक्या खांबांच्या फेऱ्यांत आधी टाके वाढवावयाचे, मग काही फेऱ्या तसेच ठेवावयाचे आणि शेवटी कमी करावयाचे, की पोकळ चेंडू तयार होतो. त्यात कापूस भरला की बाहुलीचे डोके झाले. ज्या हातांनी वर्षानुवर्षे तोरणे विणली, त्या हातांना हत्ती किंवा ससा विणणे मुळीच परके नाही.

या वाढत्या टाक्यांनी एकदा गणिताच्या वर्गातही आपली जागा मिळवली, ही हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी एका वेगळ्या भूमितीची मांडणी केली. तिला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. आपण शाळेत शिकतो त्या भूमितीत एका रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. या भूमितीत मात्र मूळ रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा त्या बिंदूतून काढता येतात. असा पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणणे विद्यार्थ्यांना कठीण जाई आणि कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने हाताळताना फाटत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हिया देशातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाची सुई हाती घेतली. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवावयाचा, हा एकच नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला आणि त्या भूमितीचा पृष्ठभाग विणून दाखवला. तो हातात धरता येत होता, घडी घालता येत होता, आणि फाटत नव्हता. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या भगिनींनी याच पद्धतीने समुद्रातील प्रवाळांच्या आकृती विणण्याचा उपक्रम लॉस एंजेलिस येथे सुरू केला आणि अनेक देशांतील विणणारे हात त्यात सामील झाले. घरातल्या टेबलावरची झालर आणि विद्यापीठातील भूमिती यांच्यात एवढेच अंतर होते. ते ओलांडण्यासाठी कोणीतरी टाका वेगळ्या रीतीने वाढवून पाहण्याची गरज होती.

आता ‘उपयोग काय?’ या प्रश्नाकडे वळू. बहुतेक वेळा या प्रश्नाचा खरा अर्थ ‘यातून पैसे किती मिळतात?’ असा असतो. क्रोशातून उपजीविका झाल्याची उदाहरणे आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणून अनेक कुटुंबांनी दिवस काढले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर आणि त्याच्या आसपासची गावे या कामासाठी प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना लेस विणण्यास शिकवले, आणि पुढे ती लेस परदेशी बाजारात जाऊ लागली. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत. मात्र त्यांना कामगार न मानता गृहिणी मानले जाई आणि त्यांच्या श्रमाला ‘फावल्या वेळचे काम’ म्हटले जाई. फावल्या वेळचे काम म्हटले, की मजुरी अत्यल्प दिली तरी चालते! माल परदेशी जाई, नफा व्यापाऱ्यांकडे राही आणि विणणारी घराबाहेर कोणाला दिसतही नसे. ‘छंद’ हा गोड शब्द कोणाच्या श्रमावर पांघरूण घालण्यासाठी कसा वापरला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

म्हणून या बाबतीत आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. जे विणकाम दुसऱ्याच्या मागणीनुसार, त्याने ठरवून दिलेल्या वेळेत, विकण्यासाठी केले जाते, ते श्रम आहेत. त्यांचे पूर्ण मोल मिळालेच पाहिजे. ‘तुला तरी घरी बसून काय काम आहे?’ असे म्हणून त्याची किंमत पाडणे हा अन्याय होय. आणि जे विणकाम आपण स्वतःच्या आनंदासाठी करतो, तो छंद आहे. त्याच्याकडून पैशाची अपेक्षा करणे हाही त्याच्यावर अन्यायच होय. छंदात आपण दोनदा उसवू शकतो, महिनाभर काम बाजूला ठेवू शकतो, विचित्र रंग एकत्र करून पाहू शकतो. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना हे स्वातंत्र्य राहत नाही. तेव्हा खपणारा नमुनाच पुन्हा पुन्हा विणावा लागतो. नव्याचा शोध घेण्यासाठी जी मोकळीक लागते, ती छंदाने दिलेली असते. त्याचा मोठा उपयोग हाच आहे.

कोणी म्हणेल, ‘हे सारे ठीक आहे, पण आमच्या घरात क्रोशाचे काम बायकांचे मानतात’, किंवा ‘आता या वयात बोटे वळतील का?’ सुईला स्त्री-पुरुष हा भेद कळत नाही आणि वयही कळत नाही. संसार सांभाळून, दिवसभर नोकरी वा मजुरी करून, कित्येक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाला हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रौढ माणसाला नवे शिकताना अडवते ते वय नव्हे, तर चारचौघांत चुकण्याचा संकोच. क्रोशाची चूक मात्र चारचौघांत होत नाही. ती आपल्या मांडीवर होते, धागा ओढला की नाहीशी होते आणि तिचा साक्षीदार आपणच असतो. शिकण्याची भीती घालवण्यास याहून सुरक्षित जागा शोधूनही सापडणार नाही.

नवा नमुना निवडताना एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. टाका नवा असेल तर धागा परिचयाचा घ्यावा. धागा नवा असेल तर टाके नेहमीचे असावेत. मोठी शाल हाती घेण्यापूर्वी वीतभर तुकडा विणून मापाचा अंदाज घ्यावा. आणि अर्धवट राहिलेली कामे पिशवीत साठू लागली, तर त्यांतील एक तरी निवडून पूर्ण करावे. जे मनातून उतरले असेल, ते निःसंकोचपणे उसवून धाग्याचा गुंडा करून ठेवावा. तो पुढच्या नमुन्याच्या उपयोगी पडेल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी क्रोशाची सुई पेटीच्या तळाशी पडून असेल, त्यांनी ती बाहेर काढावी. ज्यांच्या घरी नसेल, त्यांनी ती विकत आणावी, तिला फार पैसे पडत नाहीत. आई, आजी, शेजारच्या काकू यांपैकी ज्यांना ही विद्या येते, त्यांच्याजवळ बसून साखळी शिकून घ्यावी. पहिल्या फेरीत बारा खांब घालावेत, दुसरीत चोवीस. पुढच्या फेरीत किती घालावयाचे, हे मात्र कोणाला न विचारता स्वतः ठरवावे आणि काय होते ते पाहावे. रुमाल झाला नाही, तर टोपी होईल. टोपी झाली नाही, तर झालर होईल. आणि काहीच जमले नाही, तरी धागा आपल्या हाती राहीलच.