फिरत्या घरातील गरम पाणी

युरोपात स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे अनेक आई-वडील हल्ली तेथील प्रवासासाठी हॉटेलऐवजी मोटारघराचा विचार करतात. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले, की सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि कंदमूळवर्ज्य आहार हे दोन्ही नियम निर्विघ्न पाळता येतात. अशा वाहनात पाणी तापविण्यासाठी बहुधा १० ते १४ लिटरचा छोटा बॉयलर असतो. तो गॅसवर चालतो आणि पुष्कळ नमुन्यांत २३० व्होल्टच्या विजेवरही चालतो. तळावर गाडी उभी केल्यावर वीज जोडली, बटण दाबले, तरी पाणी थंडच राहिले, तर गोंधळून न जाता क्रमाने तपास करावा.

प्रथम साधा हिशेब मांडावा. १४ लिटर पाणी १५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत नेण्यास ८५० वॉटच्या हीटरला सुमारे ६३ मिनिटे लागतात. उष्णतेची गळती धरता थोडी अधिक. म्हणून अर्ध्या तासात पाणी कोमटच लागले, तर तो दोष नव्हे. तळावरील विजेचा दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर हाच हीटर ६४० वॉटच्या आसपासच शक्ती देतो आणि वेळ ८४ मिनिटांवर जातो. येथे दोष पुरवठ्याचा असतो. हीटर बदलून काहीही साधत नाही.

दुसरा प्रश्न असा, की पाणी गॅसवर तापते काय? गॅसवर तापत असेल आणि विजेवर तापत नसेल, तर टाकी व पाण्याचा मार्ग ठीक आहे. दोष विजेच्या बाजूस शोधावा. मग गाडीतील इतर सॉकेटमध्ये वीज आहे का, ते पाहावे. तीही नसेल, तर दोष बहुधा पुरवठ्याच्या बाजूस असतो. काही तळांवर केवळ ६ अँपिअर, म्हणजे सुमारे १,३८० वॉट मिळतात. ८५० वॉटचा बॉयलर चालू असताना १,००० वॉटची विजेची किटली लावली, की तळावरील स्विच पडू शकतो. उत्पन्नाहून खर्च वाढला, की खाते अडते, तसेच हे.

मात्र अतिभाराने पडणारा स्विच आणि गळतीमुळे पडणारा सुरक्षा-स्विच यांत भेद आहे. दुसरा स्विच साधारण ३० मिलिअँपिअर एवढ्या अल्प गळतीलाही पुरवठा तोडतो. बॉयलर चालू करताच तोच पुनःपुन्हा पडत असेल, तर हीटरच्या धातूच्या आवरणाला छिद्र पडून आत ओल शिरली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी तो स्विच बळेच वर करीत राहणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ होय. बॉयलर वेगळा करून पुढील काम जाणकार विद्युत-कारागिरावरच सोपवावे.

कारागीर काय तपासतो, हे ठाऊक असावे, म्हणजे देयक समजते. पुरवठा पूर्ण तोडून व हीटरची तार सोडवून तो रोध मोजतो. ८५० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे ६२ ओहम यावा. अमर्याद आला, तर आतील तार तुटलेली. शून्याजवळ आला, तर शॉर्ट सर्किट. रोध बरोबर असेल, तर उष्णता-नियंत्रक किंवा अतिउष्णतेने वीज तोडणारा सुरक्षा-कट तपासायचा. त्या लहान भागासाठी अख्खा बॉयलर बदलणे हा निव्वळ अपव्यय आणि अनावश्यक परिग्रह होय. तथापि रोध योग्य असूनही गळती असू शकते. तिच्यासाठी ५०० व्होल्टच्या उपकरणाने निरोधन स्वतंत्रपणे तपासावे लागते.

सुरक्षा-कट उडाला, तर कारण शोधल्याखेरीज तो पूर्ववत करू नये. रिकाम्या टाकीवर हीटर चालविणे किंवा त्यावर क्षारांचा जाड थर बसणे, ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून वीज देण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येते ना, हे पाहावे. हिवाळ्यात गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करावी. पाणी गोठून प्रसरण पावले, तर टाकी फुटते.

उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. असा बॉयलर साधारणतः ७० अंशांच्या आसपास थांबतो. त्याचे पाणी तापलेले असते, उकळलेले नसते. ते स्नानासाठी व भांड्यांसाठी योग्य. पिण्याचे पाणी गाळून शेगडीवर स्वतंत्रपणेच उकळावे.

जयणा केवळ चालण्या-बोलण्यापुरती नाही. बटण दाबण्यापूर्वी टाकी भरली आहे ना, हे पाहणे आणि पडलेला स्विच वर करण्यापूर्वी तो का पडला, हे विचारणे, हीदेखील जयणाच.