खोलीभर जंगलाचा हिशेब

अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाला शहरी जंगलाचा नमुना सापडला तो शिंतो देवळांभोवतीच्या जुन्या राईत. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड चालली नव्हती, म्हणून त्या मातीतली मूळची झाडे टिकून होती. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्या देवराया याच धाकावर जगल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यासही केला. तरीही ही कल्पना आपल्या महापालिकांना पटली ती जपानी शिक्का घेऊन आल्यावरच. असो.

पद्धत चांगली आहे. माती मीटरभर खोल उकरायची, शेणखत आणि भाताचे तूस मिसळायचे, चौरस मीटरला तीन-चार स्थानिक रोपे दाटीने लावायची. उजेडासाठी रोपे एकमेकांशी चढाओढ करतात आणि झपाट्याने उंच होतात. दोन-तीन वर्षे पाणी आणि खुरपणी, मग माणसाने हात काढून घ्यायचा. राडारोड्याने मेलेल्या भूखंडावर याहून चांगले काय करणार? मुंबईत २०२० पासून अशी जंगले उभी राहिली, त्यांचे स्वागतच आहे.

खटकते ती या दाटीची दुसरी सोय. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि जितके झाडाचे वय तितकी नवी रोपे लावण्याचे बंधन आले. हेतू चांगलाच. पण ऐंशी वर्षांचा वड तोडून त्याची ऐंशी रोपे मियावाकीच्या दाटीने लावली, तर जागा लागेल फार तर सत्तावीस चौरस मीटर. एक ऐसपैस खोली! वडाची सावली गेली, कागदावर मात्र एकोणऐंशी झाडे वाढली. मुंबईच्या आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. या दाटीने तेवढी रोपे बसवायला पाव एकरही पुरेल.

भरपाईचे रोप सहा ते आठ फूट उंच हवे आणि सात वर्षे जगवायला हवे, असे हीच दुरुस्ती सांगते. ही अट कसोशीने पाळली, तर मियावाकीची गुडघ्या-कमरेएवढी रोपे भरपाईत धरताच येणार नाहीत. ती धरू नयेतच.

शिवाय प्रत्येक मोकळी जागा ओसाड नसते. पुण्याच्या टेकड्यांवरचे गवत, खुरटी झुडपे, त्यांतले चंडोल हे तिथले मूळचे वैभव आहे. तिथे पूर्वी गिरिपुष्प या परदेशी झाडाची गर्दी करून एकदा चूक झाली. आता देशी झाडांची गर्दी करून ती पुन्हा नको.

वृक्ष प्राधिकरणांनी तोडीचा प्रस्ताव मंजूर करताना झाडांच्या संख्येशेजारी जाणाऱ्या सावलीचे क्षेत्रफळही लिहावे. त्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही. भर दुपारी झाडाखाली जाऊन सावली पावलांनी मोजली, तरी अंदाज येतो.