‘मी बाहेर बसतो’ या पक्षाचं खंडन

‘तुला जायचं असेल तर जा. मी सोडतो, बाहेर बसतो, संपलं की फोन कर.’ हिप्नोबर्थिंगच्या, म्हणजे प्रसूतीसाठी स्वसंमोहन शिकवणाऱ्या, वर्गाचा विषय निघाला की पुण्या-ठाण्यातल्या अनेक घरांत नवऱ्याचं उत्तर साधारण याच वळणाचं असतं. आदळआपट नाही, विरोध नाही. नुसतं अंग काढून घेणं. विरोध केला असता तर वाद तरी घालता आला असता. मग बायको रील्स पाठवत राहते, तो अंगठा पाठवत राहतो आणि विषय तिथेच मरतो.

हा नवरा निर्बुद्ध किंवा निर्दय आहे असं धरून त्याला झोडपणारं लिखाण उदंड आहे. मला ते पटत नाही. त्याच्या शंका बऱ्याच अंशी रास्त आहेत. तो चुकतो ते त्या शंकांवरून ‘म्हणजे माझं तिथे काम नाही’ असा निष्कर्ष काढताना. तेव्हा खंडन करायचं ते निष्कर्षाचं.

संमोहन म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातला प्रयोग उभा राहतो. स्टेजवर बोलावलेले शेजारचे काका कांदा सफरचंद समजून खातात आणि मांडव हसून लोळतो. आपल्या बायकोचं असं काही होणार आणि वर त्याची फी आपण भरणार! वर्गात असलं काही घडत नाही. बाई पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, वाटेल तेव्हा डोळे उघडते. जबडा सैल सोडायचा, खांदे सैल सोडायचे, चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा नि आठ मोजत सोडायचा. रोज रात्री तीच ती ध्वनिफीत ऐकून, ठरावीक शब्द कानांवर पडले की अंग ढिलं पडायची सवय लावायची. ज्याने कधी मनापासून शवासन केलं आहे त्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

‘पण याने होतं काय?’ हा त्याचा खरा प्रश्न, आणि इथे वर्गवाल्यांची बाजू लंगडी आहे. पत्रकावर ‘वेदनारहित प्रसूती’ छापणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. इंग्लंडच्या वायव्य भागात ६८० पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना स्वसंमोहनाची दीड-दीड तासाची दोन सत्रं आणि रोज ऐकायची ध्वनिफीत दिली होती. त्यांच्यातल्या २७.९ टक्के जणींनी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिली जाणारी भूल, घेतलं. न शिकलेल्यांत हेच प्रमाण ३०.३ टक्के होतं. म्हणजे फरक नाहीच म्हणा. डेन्मार्कमध्ये बाराशेहून अधिक बायकांच्या अभ्यासातही एपिड्युरलच्या बाबतीत तेच दिसलं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात अशा नऊ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा वेदनाशामकं एकंदरीत कमी लागल्याचं आढळलं. पण नॉर्मल प्रसूती वाढल्याचं काही स्पष्ट दिसलं नाही. नवऱ्याने हे शोधून बायकोपुढे ठेवलं तर त्याला खोटं पाडता येणार नाही.

मात्र त्याने ते कागद पुढेही वाचावेत. इंग्लंडच्या त्याच अभ्यासात बाळंतपणानंतर बायकांना विचारलं, तेव्हा शिकलेल्या बायकांची भीती आणि चिंता त्यांच्या आधीच्या अंदाजापेक्षा कमी निघाली होती. डेन्मार्कच्या बायकांनीही एकूण अनुभव बरा गेल्याचं सांगितलं. दुखणं जवळपास तेवढंच, धास्ती कमी. हे ज्याला किरकोळ वाटतं त्याने आपल्याकडची स्थिती बघावी. बहुतेक सरकारी रुग्णालयांत कळांसाठी एपिड्युरल मिळतच नाही, आणि लहान खासगी रुग्णालयात रात्री दोनला भूलतज्ज्ञ सापडेलच असं नाही. जिथे भूल मिळत नाही तिथे धास्ती कमी होणं ही चैन नव्हे.

मी अशा एका वर्गात मागच्या सतरंजीवर बसून पाहिलं आहे. सगळ्या जोडप्यांच्या हातांत बर्फाचा एकेक खडा दिला, नवऱ्यांच्याही. मिनिटभर मुठीत धरायचा, कारण ऐन भरातली कळ साधारण तेवढीच टिकते. पहिल्या खेपेला काहीच सांगितलं नाही. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच राहिलेला एकजण विसाव्या सेकंदाला हात झटकून ‘अजून किती?’ म्हणाला आणि सगळे हसले. दुसऱ्या खेपेला श्वास मोजायला सांगितला आणि जोडीदाराने दुसरा हात खांद्यावर ठेवून हळू आवाजात आकडे म्हणायचे असं ठरलं. बर्फ तेवढाच गार होता. त्या माणसाने पूर्ण मिनिट काढलं आणि मग काही न बोलता ओला तळवा पँटला पुसत बसला. त्यानंतर माकडहाडाच्या वर तळव्याच्या टाचेने कसं दाबायचं ते दाखवलं, तेव्हा पहिला प्रश्न त्यानेच विचारला: जोर किती लावायचा? ‘ती बस म्हणेपर्यंत,’ शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. एका बर्फाच्या खड्याने वैद्यकीय सिद्धांत ठरत नाही. पण बाहेर गाडीत बसून हे कळलं नसतं.

आता आज्यांचा मुद्दा. ‘आपल्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या, कडेवर पोर घेऊन घरी यायच्या, त्यांनी कुठे क्लास लावले होते?’ गंमत अशी, की या पद्धतीचा मूळपुरुषही हेच म्हणत होता. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ च्या ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ या पुस्तकात मांडणी केली ती अशीच: तथाकथित रानटी समाजातल्या बायका सहज प्रसवतात, सुधारलेल्या बाईला भीती शिकवली गेली आहे; भीतीने शरीर आखडतं, आखडल्याने दुखतं, दुखल्याने भीती आणखी वाढते. पुढे अमेरिकेत मेरी मोंगन यांनी याच पायावर हिप्नोबर्थिंगचे वर्ग उभे केले. म्हणजे ज्या शिकवणीला तो थोतांड म्हणतो, तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या विटेवरच तो स्वतः उभा आहे. सहज प्रसवणाऱ्या आज्यांची ही कथा अर्धवट आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. शेतात बाळंत झालेल्या ज्या आज्या परत आल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते, त्यात रुग्णालयांचा वाटा मोठा आहे.

मात्र आज्यांच्या बाळंतपणात एक गोष्ट होती आणि तिचं नाव तो घेत नाही. त्या एकट्या नव्हत्या. घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईण असायची, एखादी आत्या किंवा काकू पाठीमागून धरून बसायची, कुणी कमरेला तेल चोळायचं, कुणी दरडावायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं. आपण बाळंतपण रुग्णालयात नेलं, ते योग्यच केलं. पण नेताना त्या बायका दाराबाहेर राहिल्या. लेबर रूमच्या टेबलावर बाळंत होणाऱ्या बाईजवळ उरली कोण, तर तीन पेशंट सांभाळणारी नर्स. नवऱ्याला तिथे बोलावलं जातंय ते काही पाश्चात्त्य फॅड म्हणून नव्हे. आत्या-काकूंची जागा रिकामी पडली आहे आणि ती भरायला घरात दुसरं माणूस नाही.

‘डॉक्टर आहेत की,’ हे उत्तर इथेच निकालात निघतं. पहिल्या खेपेच्या कळा कित्येक तास चालतात. डॉक्टर मध्येमध्ये तपासून जातात आणि शेवटी थांबतात. मधले तास कुणाचे? प्रसूतीत सतत कुणी सोबत असण्याचा अभ्यास संमोहनापेक्षा कितीतरी भक्कम आहे. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती आहे: सोबत असलेल्यांत सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, अनुभवाबद्दलची कटुता कमी. त्या सोबतींत नवरे होते, नातेवाईक होते, प्रशिक्षित बायकाही होत्या. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बाईच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही आत घेता येईल असं म्हटलं. तेव्हा संमोहनावर विश्वास नसेल तर नसू दे. वर्गात यायचं ते सोबत कशी करायची हे शिकायला.

रक्त पाहून भोवळ येते म्हणणाऱ्यांनी उशाशी उभं राहावं, पायथ्याशी नव्हे. फीचं म्हणाल, तर डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाडीवर आणि फोटोवाल्यावर किती गेले ते एकदा आठवावं.

मला धास्ती या माणसाची नाही. पटकन भाळणाऱ्याची आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरांनी नवऱ्याला प्रसूतीतला प्रशिक्षक ठरवणारं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून काही नवऱ्यांना कायमची शिट्टी मिळाली आहे. असा नवरा दोन वर्ग करतो, चार व्हिडिओ बघतो आणि लेबर रूममध्ये ‘श्वास घे, चुकतेयस, असा नाही’ म्हणत बायकोचा जीव नकोसा करतो. तिने कळवळून भूल मागितली तर ‘आपलं ठरलं होतं ना?’ असं विचारतो. सिझेरियन झालं तर आठवडाभर उतरलेल्या तोंडाने हिंडतो, जणू परीक्षा त्याची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशभरात खासगी रुग्णालयांत तर ४७.४ टक्के. यातली काही नक्कीच टाळता आली असती, काहींनी जीव वाचवले. कुठली कुठली, हे दोन वर्ग केलेल्या नवऱ्याने ठरवायचं नसतं. त्याने शांतपणे विचारायचं: फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, थोडं थांबलं तर चालेल का? आणि डॉक्टर ‘आता थांबता येणार नाही’ म्हणाले की बाजूला व्हायचं. शंकेखोर नवऱ्याला हे लवकर जमतं, कारण त्याला आधीपासूनच प्रश्न पडतात.

म्हणूनच बायकांना माझं सांगणं, त्याला श्रद्धावान करायच्या फंदात पडू नका. रील्स थांबवा. ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही’ हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी या कामासाठी वापरू नका. त्याने माणूस वर्गात येतो आणि भिंतीला टेकून फोन बघतो. एकाच वर्गाला ये, पटलं नाही तर पुढे येऊ नकोस, असा सौदा करा आणि तो पाळा. वर्ग निवडायचं काम त्याच्यावरच टाका: शिकवणारी व्यक्ती परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आहे का, सिझेरियन झालं तर काय करायचं हे शिकवतात का, भूल घेणाऱ्या बाईला कमी लेखतात का, हे त्याने फोन करून विचारावं. नॉर्मल प्रसूतीची हमी देणाऱ्याकडे दोघांनीही जाऊ नये. आणि त्याला नुकता बाप झालेल्या एखाद्या मित्राशी बोलू द्या. आपल्याकडे पुरुष बाळंतपणाबद्दल बोलतात ते ‘मुलगी झाली, पेढे घे’ एवढंच. कॉरिडॉरमध्ये घालवलेल्या रात्रीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्याच्या नकारामागे बऱ्याचदा तर्क नसतो, हे न बोललेलं असतं.

तरीही तो नाहीच म्हणाला तर ओढून नेऊ नका. लेबर रूममध्ये नको असलेला माणूस, मग तो नवरा का असेना, नसलेला बरा. काही बायकांनाच त्या अवस्थेत नवरा समोर नको असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. मग बहीण शिकेल, मैत्रीण शिकेल, आई शिकेल. प्रसूती माहेरी सांगलीला आणि नवऱ्याची नोकरी हिंजवडीत असेल, तर तो तयार असला तरी आईला तळव्याचा दाब शिकवून ठेवावाच लागेल, कारण कळा सुरू झाल्याचा फोन आल्यावर त्याच्यापुढे कित्येक तासांचा रस्ता असतो. आणि दाराच्या आत कोणाला सोडतात हे तिथल्या रुग्णालयात आठव्या महिन्यातच विचारून ठेवायचं, उत्तर दिलं त्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं. मध्यरात्री ड्यूटीवरच्या सिस्टरशी नियमांवरून हुज्जत घालून आत गेलेला सोबती पहिला अर्धा तास कुणाच्याच उपयोगाचा नसतो.