तंत्राचे कौतुक आणि समीक्षेची पळवाट

आदित्य धर यांच्या ‘उरी : द सर्जिकल स्ट्राइक’ (2019) या चित्रपटाविषयीचे बरेचसे लेखन एका सोयीस्कर विभागणीवर उभे आहे : तंत्र उत्कृष्ट, राष्ट्रवाद मात्र भडक. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शन, अभिनय, पार्श्वसंगीत आणि ध्वनिआरेखन यांचा गौरव झाला आणि या विभागणीवर जणू शिक्कामोर्तब झाले. स्तुतिपाठकांना पहिला अर्धा पुरला, निषेधकर्त्यांना दुसरा. चित्रपटाचा रूपबंध वाचण्याची तसदी दोघांनीही घेतली नाही.

आशय-अभिव्यक्तीची अशी फाळणी मर्ढेकरांनंतरच्या मराठी समीक्षेला तरी शोभत नाही. (फडके-खांडेकर वादच मागील दाराने पुन्हा आत आला आहे, एवढेच.) ‘तंत्र’ म्हणून जे बाजूला काढले जाते, तेच येथे अर्थ घडवते. पाच प्रकरणांची चढती मांडणी, उरीच्या हल्ल्यात नायकाच्या मेहुण्याचा मृत्यू, सर्व सहकाऱ्यांना जिवंत परत आणण्याचे वचन आणि त्याची तंतोतंत पूर्ती : राष्ट्राचे दुःख कुटुंबाचे होते, कुटुंबाचा सूड राष्ट्राचा होतो आणि अखेरची मोजदाद बरोबर येते. प्रेक्षकाला मिळणारे समाधान या हिशेबाचे आहे. ते राष्ट्रवादावर चढवलेले वेष्टन नव्हे.

हा हिशेब कोठे अपुरा पडतो, हे मुंबईच्या परीक्षणकर्त्याहून पिंपळनेरच्या प्रेक्षकाला लवकर उमगावे. 29 सप्टेंबर 2016 रोजी, लष्करी कारवाई जाहीर झाली त्याच दिवशी, धुळे तालुक्यातील बोरविहीरचा एक जवान नियंत्रणरेषेपलीकडे गेला व पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. कारवाईशी त्याचा संबंध नसल्याचे सैन्याने लगेच स्पष्ट केले. तो परतला 21 जानेवारी 2017 रोजी, वाघा सीमेवरून, आणि तोही बोलण्यांनंतर. जवळजवळ चार महिने त्याच्या गावाच्या वाट्याला युद्ध आले ते वाट पाहण्याच्या रूपात.

वगळणे हा कलाकृतीचा अधिकारच आहे, हा आक्षेप येथे गैरलागू ठरतो. चित्रपटाने त्या जवानाची कथा सांगावयास हवी होती, असा आग्रह नाही. प्रश्न इतकाच की प्रतीक्षा, वाटाघाटी, अनिश्चितता यांना जागा दिली असती, तर हा रूपबंध टिकला असता काय? नसता. म्हणजे ज्या घट्ट बांधणीची वाहवा झाली, ती या वगळण्यानेच सिद्ध झाली आहे. निव्वळ धिक्काराने तिला धक्का लागत नाही. अमेरिकी नौदलाच्या साहाय्याने बनलेला ‘टॉप गन’ (1986) भरतीची जाहिरात म्हणून हिणवला गेला. त्याचा उत्तरभाग 2022 मध्ये आला, तेव्हा पुन्हा तंत्राचेच गोडवे गायिले गेले आणि ऑस्कर मिळाले तेही ध्वनीसाठी.