दहावीचा धडा डीपीपर्यंत पोचू दे

तुमच्या शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी बसवलेली असेल. तिला सगळे नुसतं 'ऑटो' म्हणतात. लाइट आली की ती आपोआप मोटर चालू करते. कुणी उठायला नको, बॅटरी घेऊन बांधावरून जायला नको. दौंडवरून नगरकडे निघालात की लागणारं आमचं काष्टी जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जातं, पण गावाभोवती पसरलाय तो ऊस आणि कांदा. आणि जिथे ऊस-कांदा, तिथे ऑटो. तिथेच ऐन उन्हाळ्यात 'डीपी गेली' हे वाक्यही ऐकू येतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. तो समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, दहावीचं विज्ञान पुरतं.

कागद-पेन घ्या. ५ हॉर्सपॉवरची मोटर धरू. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ही मोटर झाली ३,७३० वॅटची. थ्री फेजवर नीट चालताना ती साधारण ७ अँपिअर धारा घेते. पण हा आकडा फिरणाऱ्या मोटरीचा. उसाने भरलेली ट्रॉली जागेवरून हलवताना ट्रॅक्टर कसा काळा धूर सोडतो, आठवा. एकदा चाकं फिरली की तोच ट्रॅक्टर निवांत चालतो. मोटरीचंही तसंच. फिरती मोटर स्वतःच एक उलटा विद्युतदाब तयार करते आणि तो येणाऱ्या धारेला आवर घालतो. थांबलेल्या मोटरीत हा आवर नसतो. म्हणून सुरू होताना ती काही क्षण सहापट, म्हणजे ४२ अँपिअरच्या आसपास धारा ओढते.

आता डीपीकडे या. ६३ केव्हीएची डीपी प्रत्येक फेजला साधारण ८४ अँपिअर देऊ शकते. म्हणजे ५ हॉर्सपॉवरच्या १२ मोटरी तिच्यावर बरोब्बर बसतात. एकामागून एक चालू केल्या तर शेवटच्या मोटरीच्या वेळी काही सेकंद ११९ अँपिअर लागतील. डीपी तेवढं सोसते. पण बाराही मोटरींना ऑटो असेल तर? लाइट येते त्याच क्षणी बाराही जणी एकदम उठतात. १२ गुणिले ४२, म्हणजे मागणी ५०० अँपिअरच्या वर! ८४ ची ताकद आणि ५०० चं ओझं.

इथे दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातला ज्यूलचा नियम आठवा. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परीक्षेत आपण हे दोन मार्कांसाठी लिहितो. शेतात त्याचा अर्थ असा, की धारा सहापट झाली तर उष्णता छत्तीसपट. त्यात एवढ्या ओढीने व्होल्टेज पडतं, मोटरी वेग धरत नाहीत, नुसत्या गुरगुरत राहतात आणि ती छत्तीसपट उष्णता सेकंदावर न थांबता लांबत जाते. डीपीचा फ्यूज उडतो. एकच उडाला तर एक फेज जातो आणि दोन फेजवर धडपडणाऱ्या मोटरीचं वाइंडिंग जळतं. 'सारखा उडतोय' म्हणून फ्यूजच्या जागी जाड तार घातली, तर ती वितळत नाही. मग डीपीच जळते. ऐन उन्हाळ्यात ती बदलून येईपर्यंत पीक वाळतं.

मग लोक अडाणी आहेत म्हणून ऑटो बसवतात का? अजिबात नाही. शेतीला थ्री फेज लाइट साधारण आठ तास, आणि अनेक ठिकाणी पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. श्रीगोंदा-शिरूर पट्ट्यात उसात बिबट्या असतो, बांधावर साप असतो. रात्री एक वाजता मोटर चालू करायला जायचं, की ऑटो बसवून झोपायचं? तुम्हीही ऑटोच निवडाल. म्हणून नुसतं 'ऑटो काढा' असं आवाहन करून भागणार नाही. खरा उपाय दिवसा वीज हाच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प झाला. शेतीचा फीडरच सौरऊर्जेवर चालवायचा, ऊन असेल तेव्हा पाणी द्यायचं, ही त्यामागची कल्पना. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. तो आपल्या फीडरपर्यंत कधी येणार, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो वापरला पाहिजे.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? माझं म्हणणं आहे, नाही. एका डीपीवरचे शेतकरी एकमेकांना ओळखतात, बहुतेकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही असतो. ऑटो ठेवायचाच असेल तर टायमरवाला घ्या आणि प्रत्येकाची वेळ वेगळी लावा. पहिला लगेच, दुसरा एका मिनिटाने, तिसरा दोन मिनिटांनी. बारावी मोटर अकरा मिनिटं उशिरा सुरू झाली म्हणून ऊस वाळत नाही. मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर असेल तर आणखी सोपं. दुसरं म्हणजे कपॅसिटर. मोटरीला चुंबकीय क्षेत्र तयार करायला जी जादा धारा लागते, ती कपॅसिटर जागेवरच पुरवतो, त्यामुळे डीपीवरचा भार हलका होतो. हॉर्सपॉवरनुसार योग्य मापाचा बसवा. आणि डीपीच्या फ्यूजला आपण हात लावायचा नाही, ते वायरमनचं काम. ११ हजार व्होल्ट नवशिक्या आणि अनुभवी असा भेद करत नाहीत.

कुणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, कशाला एवढा हिशोब? वीज मोफत असेल, रिवाइंडिंग मोफत नाही. वाळलेला कांदा तर नाहीच नाही.

शाळांनाही एक सांगणं आहे. आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' शिकवताना खिळ्याला तार गुंडाळून विद्युतचुंबक करतात, ते छानच. पण तोच विद्युतचुंबक गावातल्या प्रत्येक विहिरीवर पाणी उपसतोय, हे त्याच तासाला सांगा. वायरमनला एक दिवस वर्गात बोलवा. जळालेल्या मोटरीचं वाइंडिंग टेबलावर ठेवा. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मग पाठ करावा लागणार नाही.

आणि तुम्ही, जे हे वाचताय. घरात हा धडा शिकलेले बहुधा तुम्हीच असाल. या रविवारी आपल्या डीपीवर मोटरी किती आणि किती हॉर्सपॉवरच्या, हे विचारून घ्या. आधी चालत्या मोटरींची बेरीज करा, मग तिला सहाने गुणा. शेजारी डीपीची क्षमता लिहा. तो कागद ग्रुपवर टाका आणि खाली एवढंच विचारा : पहिल्या मिनिटाला कोण, दुसऱ्याला कोण?