निम्मी तूर, निम्मी मसूर

परवा रात्री ९ वाजता अंधेरीच्या फ्लॅटवर पोचले, कुकर काढला, तूरडाळीचा डबा उघडला. रिकामा! एका मासिकाचं मानधन दोन महिने लटकलेलं, त्यामुळे बाहेरून मागवणं बाद. शेजारी रूममेटची मसूरडाळ होती. लगेच बोरिवलीला फोन. ‘आई, मसुरीची आमटी चालेल?’

‘न चालायला काय झालं? भिजवू नकोस, दोन शिट्ट्या पुरे. पाणी जरा बेतानं. गोडा मसाला, आमसूल, गूळ नेहमीसारखंच.’

‘पण तुझ्या आमटीची चव नाही यायची.’

आई हसली. ‘२०१५ आठवतं?’

आठवत होतं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी, आणि त्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या वर गेलेली. मी अकरावीत होते.

‘तेव्हा चार महिने निम्मी तूर, निम्मी मसूर शिजवत होते. मसूर शिजली की पिवळीच दिसते. तू वाटी चाटूनपुसून खायचीस.’

आणि मी कॉलेजात सांगत फिरायचे, आमच्याकडे महागाईचा काही फरक पडला नाही!

तर मंडळी, तूर संपली तर मसूर किंवा मूगडाळ बिनधास्त घ्या. हरभऱ्याची नको, ती तशी घोटली जात नाही. माझी आमटी झकास झाली. आता मानधन आलं की पहिली किलोभर तूरडाळ बोरिवलीला. निम्मी-निम्मी नाही, अख्खी तूर!